तापवल्यावर सैल झालेला कोळसा थंड झाल्यावर घट्ट कसा निघाला: एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका कोळसा संशोधनाच्या लॅबमधलं आहे, लॅब कुठली आणि माणसं कोण ते मुद्दाम सांगत नाहीये. मी तिथे एनएमआर मशीन (चुंबकात ठेवलेल्या सॅम्पलमधले प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची केंद्रकं, किती मोकळी हलतात ते सांगणारं) सांभाळायचो, त्यामुळे सॅम्पल कुणाचंही असो, ट्यूब माझ्याच हातातून जायची. पीएचडी करणारी एक मुलगी होती, तिचा विषय ऐकायला एकदम सोपा: कोळशातले रेणू किती हलू शकतात, आणि हे हलणं उष्णतेने जास्त वाढतं की सॉल्व्हंटने, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवाने. गाइड मॅडमनी विषय देताना एवढंच म्हटलं होतं की दोन्ही करून बघ आणि तुलना कर. गोंधळाचं मूळ खरं तर त्या एका वाक्यातच होतं, पण तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडंसं. कोळसा आतून ग्राफाइटसारखा नीट रचलेला नसतो आणि प्लास्टिकसारखी एकसारख्या कड्यांची साखळीही नसतो. बेंझिनसारख्या रिंगांचे छोटे-मोठे झुबके असतात, ते मिथिलीन आणि ईथरच्या पुलांनी एकमेकांना जोडलेले असतात, आणि या जाळ्याच्या सापटींमध्ये सुटे रेणू अडकून बसलेले असतात. सुटे किती आणि जाळं किती यावरून जुनं भांडण आहे. १९८६ मध्ये 'फ्युएल' जर्नलमध्ये गिव्हन, मार्झेक, बार्टन, लिंच आणि गर्स्टीन या पाच जणांनी एकाच पेपरात एकमेकांशी चक्क वाद घातलाय.

या सगळ्याला धरून ठेवणारे बंध दोन जातीचे. पक्के म्हणजे सहसंयुज बंध, ते तोडायला मोलमागे शेकडो किलोजूल लागतात आणि साधारण ३५० ते ४०० अंश सेल्सिअसच्या अलीकडे ते फारसे तुटत नाहीत. आणि कच्चे म्हणजे हायड्रोजन बंध, रिंगांवर रिंगा चिकटून बसणं वगैरे, हे एकेकटे किरकोळ असतात पण संख्येने इतके की खोलीच्या तापमानाला कोळसा काचेसारखा कडक राहतो. पायरिडीन नावाचं सॉल्व्हंट काय करतं, तर त्याच्या नायट्रोजनवरची मोकळी इलेक्ट्रॉनची जोडी कोळशातल्या ओएच गटाला स्वतःकडे ओढते, कोळशा-कोळशामधला हायड्रोजन बंध सुटतो आणि जाळं फुगतं. त्यामुळे पायरिडीनमध्ये बिट्युमिनस (मध्यम प्रतीचा) कोळसा दुपटीने फुगला तरी कुणी दचकत नाही, आणि टोल्युइन किंवा क्लोरोबेंझिनमध्ये तोच कोळसा जेमतेम फुगतो, कारण त्यांना हायड्रोजन बंधात हात घालता येत नाही.

तिची पद्धत सरळ होती. एकच बिट्युमिनस कोळसा, दळून, चाळून, एकाच जाडीची पूड. त्याचे भाग करून व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १०० ते ३०० अंशांपर्यंत वेगवेगळ्या तापमानाला तापवायचे, थंड करायचे, आणि मग पायरिडीनमध्ये किती फुगतात ते बघायचं. दुसरीकडे माझ्या मशीनवर तोच कोळसा नायट्रोजन भरून सील केलेल्या ट्यूबमध्ये तापवत तापवत प्रोटॉनचा सिग्नल बघायचा. त्यात जो भाग १०-१५ मायक्रोसेकंदात विझतो तो जखडलेला, जो जास्त वेळ टिकतो तो हलणारा.

अडचण काय झाली

दोन्हीकडची उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट आली.

माझ्या मशीनवर तापमान चढत गेलं तसा हलणारा भाग वाढत गेला, सावकाश पण नक्की. म्हणजे उष्णतेने रेणू सैल होतात. तिच्या टेबलावर मात्र जेवढं जास्त तापवलेलं सॅम्पल तेवढं ते पायरिडीनमध्ये कमी फुगत होतं, म्हणजे उष्णतेने जाळं आवळतं. न तापवलेल्या पुडीचा थर ट्यूबमध्ये १४ मिलिमीटरवरून ३१ वर गेला होता, २०० अंशांवर तापवलेल्या पुडीचा तेवढाच थर २४ वर अडकला. फुगण्याचं गुणोत्तर २.२ वरून १.७ वर.

त्यात आणखी एक भर. सॉक्सलेटमध्ये (तेच सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) पायरिडीनने काढलेला अर्क आणि उरलेला कोळसा यांची वजनं मिळवली तर बेरीज मूळ कोळशापेक्षा जास्त भरत होती. शंभरातून काढलं आणि एकशेपाच झालं. ती बिचारी तीनदा तराजू कॅलिब्रेट करून आली.

तिने स्वतःशी एक स्पष्टीकरण जुळवलं होतं आणि ते दिसायला अगदी चोख होतं: तापवल्यामुळे नवे क्रॉसलिंक, म्हणजे जाळ्याला आवळणारे नवे पक्के बंध, तयार झाले, म्हणून फुगणं कमी. पुस्तकात अशी उदाहरणं आहेत, कमी प्रतीच्या कोळशात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडताना क्रॉसलिंक होतात हे सगळ्यांना माहीत आहे. कॉन्फरन्सच्या अॅबस्ट्रॅक्टला नऊ दिवस राहिले होते. मॅडम म्हणाल्या, "लॉजिक बरोबर वाटतंय, लिही." मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही, हे इथे लिहून टाकतो कारण पहिला निर्णयाचा क्षण तोच होता आणि माझ्याकडून तो हुकला.

शंका आली ती एका साध्या गोष्टीवरून. तिने आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रम काढायला सॅम्पल दिलं होतं, ओएच कमी झालंय का बघायला, आणि १७०० च्या आसपास एक खांदा वर आलेला दिसला जो मूळ कोळशात नव्हता. तिथे कार्बोनिल, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध, दिसतं. शिवाय २९२० आणि २८५० चे अॅलिफॅटिकचे (रिंगांबाहेरच्या कार्बन-हायड्रोजनचे) पीक खाली बसले होते. नायट्रोजनमध्ये किंवा व्हॅक्यूममध्ये २०० अंशांना ठेवलेल्या बिट्युमिनस कोळशात नवीन कार्बोनिल येणार कुठून? ऑक्सिजन मिळाल्याशिवाय नाही.

रात्री पंप बंद करून ओव्हनचा गेज लिहून ठेवला आणि सकाळी पाहिला. काटा चांगलाच सरकला होता. दाराच्या रबर गॅस्केटला कोपऱ्यात बारीक चीर होती, नखाने ताणल्यावरच दिसेल अशी. म्हणजे आपण व्हॅक्यूम म्हणत होतो तो व्हॅक्यूम नव्हताच, २०० अंशांवर कोळसा तासन्‌तास थोडी थोडी हवा खात होता.

समोर कुठले पर्याय होते

चार दिवस आधीच गेले होते, उरले पाच. टेबलाभोवती बसून जे पर्याय निघाले ते जसे आठवतात तसे सांगतो.

पहिला, आहे तो डेटा द्यायचा आणि एक ओळ टाकायची की काही प्रमाणात ऑक्सिडेशन नाकारता येत नाही. हा पर्याय मॅडमच्या मनात होता आणि मी त्याला वाईट म्हणणार नाही, अॅबस्ट्रॅक्ट म्हणजे काही शेवटचा शब्द नसतो. पण इथे अख्खा निष्कर्षच फुगणं कमी होण्यावर उभा होता. पायाखालीच शंका असेल तर ती एका ओळीत कशी मावणार?

दुसरा, सगळी तापमानं नायट्रोजनमध्ये नव्याने करायची. बरोबर, पण पाच दिवसांत होणारं काम नव्हे, आणि घाईत केलं तर नव्या चुका.

तिसरा, एकच तापमान, २०० अंश, आणि तीन सॅम्पल: एक मुद्दाम हवेत, एक जुन्या ओव्हनमध्ये, एक वाहत्या नायट्रोजनच्या ट्यूब फर्नेसमध्ये. यातून किती फरक हवेमुळे ते कळेल, पूर्ण उत्तर मिळणार नाही पण प्रश्न कुठला ते तरी कळेल.

चौथा पर्याय तिने स्वतः मांडला, आणि मला तो आवडला होता: फुगण्याचं सगळं बाजूला ठेवून फक्त एनएमआरचा भाग पाठवायचा. तो राखीव ठेवला.

आणखी एक वाद पायरिडीनवरून झाला. एनएमआरमध्ये सॉल्व्हंटचा परिणाम बघायचा तर साधं पायरिडीन चालत नाही, त्याचेच प्रोटॉन इतका सिग्नल देतात की कोळसा त्यात बुडून जातो, ड्युटेरियमवालं (साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेलं) लागतं. ते आमच्याकडे एक छोटी कुपी उरलं होतं. मॅडमना ते सगळ्या तापवलेल्या सॅम्पलांवर थोडं थोडं वापरायचं होतं. माझं म्हणणं असं की थोडं वापरलं तर कोळसा पूर्ण भिजणार नाही आणि मग हलणारा भाग कमी दिसला तर तो कोळशामुळे की सॉल्व्हंट कमी पडल्यामुळे हे कोण सांगणार. शेवटी दोनच सॅम्पलांवर, पण पुरेसं, असं ठरलं. आजही वाटतं हा निर्णय बरोबर होता.

काय केलं

तिसरा पर्याय घेतला, चौथा खिशात ठेवून.

नायट्रोजनच्या सॅम्पलसाठी आधी फर्नेसमधून थंड असतानाच बराच वेळ गॅस सोडला, मग तापवायला सुरुवात, आणि थंड होतानाही गॅस चालूच. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात, गरम कोळसा बाहेर काढला की पहिल्या पाच मिनिटांत सगळं मुसळ केरात.

स्वेलिंगची, म्हणजे फुगणं मोजायची, पद्धत ग्रीन, कोव्हाक आणि लार्सन यांनी १९८४ मध्ये दिलेलीच: काचेच्या बारीक ट्यूबमध्ये पूड, सेंट्रिफ्यूज, उंची मोजा, सॉल्व्हंट घाला, हलवा, ठेवा, पुन्हा सेंट्रिफ्यूज, पुन्हा उंची. ऐकायला शाळेतला प्रयोग वाटतो पण तिच्या हाताखाली बसून पाहिलं तेव्हा कळलं की चूक कुठे कुठे शिरते. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब बाहेर आली की थराचा माथा तिरका असतो, एका बाजूला २८ तर दुसऱ्या बाजूला ३०, ती ट्यूब फिरवून तीन बाजूंनी वाचायची आणि सरासरी घ्यायची. तळाशी पूड नीट ओली झाली नाही तर एक कोरडी फिक्कट चकती राहते, ती दिसली की ट्यूब फेकायची. हूडमधून हात बाहेर काढला की हातमोज्यांना तो सडक्या माशासारखा पायरिडीनचा वास, तो दोन दिवस नाकातून जात नाही.

वेळेचा मुद्दा इथेच निघाला. सुरुवातीपासून ती २४ तासांनी रीडिंग घेत होती. मी सहज म्हटलं की दुसऱ्या दिवशीही बघ ना, ट्यूब तशीही तिथेच आहे. नायट्रोजनमध्ये तापवलेलं सॅम्पल २४ तासांनी १४ वरून २७ वर होतं, आणि मग हळूहळू सरकत सहाव्या दिवशी २९ वर जाऊन थांबलं. न तापवलेलं मात्र पहिल्याच दिवशी ३१ ला पोचून तिथेच. म्हणजे तापवल्यावर फुगण्याची हद्दच नाही तर वेगही बदलला होता, आणि आपण एका ठरावीक वेळेला फोटो काढून दोघांची तुलना करत होतो. सहावा दिवस डेडलाइनच्या पलीकडे गेला हे वेगळं सांगायला नको, अॅबस्ट्रॅक्टमध्ये शेवटी फक्त एनएमआर गेलं.

आता त्या एकशेपाचचं. पायरिडीन उकळतं ११५ अंशांना, त्यामुळे व्हॅक्यूममध्ये सुकवलं की गेलं असं सगळे धरून चालतात, पण कोळशाच्या आत ओएचला धरून बसलेलं पायरिडीन असं सहज सोडत नाही. उरलेल्या कोळशाचं मूलद्रव्य विश्लेषण करून घेतलं. मूळ कोळशात नायट्रोजन १.५ टक्के होता, उरलेल्यात २.३ निघाला. पायरिडीनमध्ये वजनाने १७.७ टक्के नायट्रोजन असतो, तेवढ्यावरून हिशोब केला तर उरलेल्या कोळशात पाच टक्क्यांच्या आसपास पायरिडीन अजून आतच होतं. अर्कातही थोडं असणारच, तो सुकवताना डांबरासारखा चिकट होतो. तराजूची काहीच चूक नव्हती. यानंतर तिने उरलेला कोळसा मिथेनॉलने पुन्हा पुन्हा धुवायला सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी नायट्रोजन तपासला, बेरीज शंभराच्या जवळ आली.

निष्पन्न काय झालं

२०० अंशांच्या तीन सॅम्पलांत हवेतलं सगळ्यात कमी फुगलं, जुन्या ओव्हनमधलं त्याच्या थोडं वर, आणि नायट्रोजनमधलं सहाव्या दिवशी २.०७ ला. न तापवलेलं २.२ होतं. म्हणजे आधी जी मोठी घट दिसली होती तिचा बराचसा भाग हवेचा, काही भाग घाईच्या रीडिंगचा, आणि हे सगळं वजा केल्यावरही एक छोटी घट उरतेच.

ही उरलेली घट मला सगळ्यात जास्त आवडली. क्रॉसलिंक म्हणायला पुरावा नाही, २०० अंश त्या कोळशासाठी तसे कमी आहेत आणि नायट्रोजनमधल्या सॅम्पलचा आयआर जवळजवळ मूळ कोळशासारखाच. मग दुसरं काय? कोळसा जमिनीखाली दाबात, थरांच्या वजनाखाली तयार होतो, त्याचे रेणू जिथे सापडले तिथेच गोठलेले असतात, सोयीच्या जागी नव्हे. १९८८ मध्ये कोडी, लार्सन आणि सिस्किन यांनी दाखवलं होतं की कोळशाचा तुकडा पहिल्यांदा फुगताना थराच्या आडव्या दिशेपेक्षा उभ्या दिशेने जास्त फुगतो, म्हणजे तो ताण अजून आत शिल्लक असतो. अशा कोळशाला तापवून थोडं हलायला मोकळीक दिली की रेणू सरकून जास्त सोयीच्या जागी बसतात, गोणी जमिनीवर आपटली की आतली वाळू खाली बसते तसं. गरम असताना सैल, थंड झाल्यावर आधीपेक्षा नीट रचलेला, म्हणून फुगायला नाखूश. निशिओका आणि लार्सन यांनी १९९० मध्ये कोळसा क्लोरोबेंझिनमध्ये तापवून नंतर पायरिडीनने अर्क काढला तेव्हा अर्क वाढण्याऐवजी कमी झाला होता, तोही याच जातीचा प्रकार.

म्हणजे माझं मशीन आणि तिची ट्यूब दोघंही खरं बोलत होते. मी गरम असतानाचा कोळसा बघत होतो, ती थंड झाल्यानंतरचा.

ड्युटेरियमवाल्या पायरिडीनचं उत्तरही बोलकं आलं. खोलीच्या तापमानाला नुसत्या भिजवण्याने निम्म्याहून जास्त प्रोटॉन हलणाऱ्या भागात गेले. नुसत्या उष्णतेने २५० अंशांपर्यंत त्याच्या जवळपासही पोचता आलं नाही, तिथे पोचायला ४०० च्या घरात जावं लागतं, आणि तिथे पक्के बंधही तुटायला लागतात, म्हणजे तो मूळचा कोळसा उरतच नाही. पायरिडीन फक्त कच्चे बंध निवडून सोडवतं, उष्णता सगळ्यांनाच थोडं थोडं हलवते.

आता पुन्हा करायचं तर

सगळ्यात आधी प्रश्न बदलेन. 'उष्णता की सॉल्व्हंट, जास्त कोण' हा प्रश्नच भांडण लावणारा आहे. त्याऐवजी गरम असताना काय, थंड झाल्यावर काय आणि पुन्हा तापवल्यावर काय, हे तीन वेगळे रकाने पहिल्या दिवशी वहीत आखायला हवे होते. एनएमआरला आम्ही चढतानाचाच ग्राफ घेतला, उतरतानाचा एकदाच घेतला तोही शेवटी शेवटी, आणि तो चढतानाच्या रेषेवर पूर्ण परतला नव्हता, किंचित खाली राहिला. तेच आधी पाहिलं असतं तर ट्यूबमधली छोटी घट कोड्यासारखी वाटलीच नसती.

सुकवण्याचा मुद्दाही आहे. पाण्याचे प्रोटॉन हलणाऱ्या भागात मोजले जातात म्हणून सॅम्पल सुकवावंच लागतं, पण १०५ अंशांना सुकवणं हीसुद्धा एक उष्णतेची प्रक्रियाच झाली. लिग्नाइटमध्ये (कमी प्रतीच्या, ओलसर कोळशात) तर नुसतं पाणी गेलं की जाळं आकसतं. आम्ही ज्याला 'न तापवलेलं' म्हणत होतो तेही खरं तर एकदा तापलेलंच होतं. तापमान न वाढवता, व्हॅक्यूममध्ये जास्त दिवस ठेवून सुकवलेलं एक सॅम्पल सोबत असायला हवं होतं.

कोळसा साठवायची पद्धत तर आधीच ठरायला हवी होती. अमेरिकेतल्या अर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीने आठ प्रमाण कोळसे नायट्रोजनखाली काचेच्या ॲम्प्यूलमध्ये सील करून ठेवले ते उगाच नाही, आमची पूड स्क्रूच्या झाकणाच्या बाटलीत दीड वर्ष होती.

सॉल्व्हंटही एकच वापरायला नको होता. पायरिडीन इतकं जोरकस आहे की बारीक फरक त्यात बुजून जातात. आधी टोल्युइन, मग टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान), मग पायरिडीन अशी चढती रांग लावली असती तर रेणू नव्याने रचून बसले की क्रॉसलिंक झाले याचा थोडा तरी निवाडा झाला असता. आयिनो आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये कार्बन डायसल्फाइड आणि एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन) ही दोन सॉल्व्हंटं सारख्या प्रमाणात मिसळून खोलीच्या तापमानाला काही बिट्युमिनस कोळशांचा निम्म्याहून जास्त भाग विरघळवून दाखवला होता, ते मिश्रणही लावून बघायचं होतं, पण एनएमपी उकळतं २०२ अंशांना आणि पायरिडीननेच एवढा छळ केला म्हटल्यावर मॅडमनी साफ नाही म्हटलं.

आणि एक प्रयोग राहिलाच. पायरिडीनने धुऊन सुटे रेणू काढून टाकलेला कोळसा तिने एकदा माझ्या मशीनमध्ये तापवायला दिला होता. मूळ कोळसा ४०० च्या पुढे छान मऊ पडायचा, हा मात्र जवळजवळ जखडलेलाच राहिला, जणू काढून टाकलेला अर्कच आतल्या आत वंगणाचं काम करत होता. अर्क परत मिसळून पुन्हा तापवायचं ठरलं होतं, अर्काची बाटली लेबल लावून तयार होती, पण तोपर्यंत तिचा मशीनवरचा स्लॉट संपला.